पैऱ्याची नोंद

"पहा म्हटलंय न्हवं? मग बघा की," असं म्हणून मावशी पुढचा खंड टेबलावर ठेवायच्या. कोल्हापुरातल्या आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात त्या शिपाई होत्या. समाजशास्त्रांच्या सहाखंडी कोशाचं कपाट त्यांच्या ताब्यात. कोशातल्या नोंदीच्या शेवटी 'पहा : अमुक' असं असतं, तिकडे मुलं दुर्लक्ष करत आणि मावशी करू देत नसत. 'हुंडा' बघायला आलेला मुलगा 'वारसाहक्क' वाचूनच घरी जायचा.

शिक्षण सातवी. धूळ पुसताना रोज एक नोंद वाचायच्या. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, पगार शिपायाचा आणि जीव सगळा कामात. मी ग्रंथपाल, पण खरं सांगतो, मला त्या कोशाची फक्त पाठ ओळखीची होती.

एका दुपारी त्या दोन खंड घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. 'ग्रामीण श्रम' या नोंदीखाली 'पहा : पैरा' होतं आणि पैरा कुठल्याच खंडात नव्हता. पाहुण्याला पत्ता द्यायचा आणि घरच बांधायचं विसरायचं, तसं संपादकांचं झालं होतं.

"आज तू माझ्या रानात भांगलाय, तण काढाय ये, उद्या मी तुझ्यात येतो, ह्यो पैरा. आमची आई जलमभर ह्याच्यावर जगली, सर. आनि पुस्तकात न्हाय व्हय?"

त्या चिडल्या नव्हत्या, दुखावल्या होत्या. मलाच लाज वाटली. कोशाचा पुरवणी खंड निघणार होता, म्हणून संपादकांना लिहिलं. 'नोंद पाठवा,' असं उत्तर आलं. मी 'परस्पर श्रमविनिमयाची पारंपरिक पद्धत' वगैरे झोकात लिहून मावशींना वाचून दाखवलं.

"ह्यात मानसं कुठं हायत?" त्या म्हणाल्या. "बाळंतिणीचं लिवा की. तिच्या वाटची भांगलण बाकीच्या बायका करत्यात. त्यो पैरा फेडायचा नसतोय."

ते मी घातलं. संपादकांनी नेमकं त्याच वाक्यावर बोट ठेवलं. कुठल्या पुस्तकाचा आधार? नसेल तर वाक्य काढावं लागेल.

"काढा मग," मावशी म्हणाल्या आणि तीन दिवस कपाटाकडे फिरकल्या नाहीत. ते मला बघवेना. त्यांना घेऊन त्यांच्या गावी, उचगावला गेलो, त्यांचं आणि आणखी चार म्हाताऱ्या बायकांचं बोलणं लिहून घेतलं, खाली सह्या आणि अंगठे घेतले आणि आधार म्हणून तेच कागद पाठवून दिले.

पुरवणी खंड आला तेव्हा मावशींना निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. वाक्य शाबूत होतं. आधारात पाच बायकांची नावं, पहिलं मावशींचं. संदर्भाचा खंड बाहेर न्यायचा नाही, हा नियम मीच भिंतीवर लावलाय. तरी खंड पिशवीत घातला आणि उचगाव गाठलं.

दारात त्यांची सून भेटली. "आत्याबाई रानात गेल्यात. शेजारच्या वैनीला बाळ झालंय, तिच्या वाटची भांगलण कराय."

मी बांधावर जाऊन खंड उघडून दाखवला. मावशींनी नाव लांबूनच बघितलं. हात मातीचे, म्हणून पुस्तकाला लावले नाहीत. डोळे मात्र भरून आले.

"वाचा तुमी, मी ऐकतो," म्हणाल्या आणि खुरपं घेऊन पुढं सरकल्या. मग मी खंड दोन्ही हातांत धरून, त्यांच्या चालीनं सरीतून पुढं सरकत, अख्खी नोंद मोठ्यानं वाचली.