बाण वर, बाटल्या आडव्या

"बाण वर हाय ना मॅडम, मंग झालं काय?" गोदामाचे मुकादम म्हात्रे म्हणाले.

बाण वरच होता. बंदराजवळच्या द्रोणागिरीतल्या त्या गोदामात माझ्यासमोर खोक्यांची रास होती आणि प्रत्येक खोक्यावरचा लाल बाण छताकडे बघत होता. इतकं शिस्तीत लावलेलं स्टॅकिंग मी क्वचितच पाहिलंय. फक्त आतल्या बाटल्या आडव्या झोपल्या होत्या.

मी धोकादायक मालाचं पॅकिंग तपासते. ॲसिड, रंग, सॉल्व्हंट असलं काही जहाजावर चढण्याआधी त्याचं खोकं, लेबल, मार्किंग नियमात आहे का ते बघायचं आणि सही करायची. नातेवाइकांना मी 'एक्स्पोर्टमध्ये आहे' एवढंच सांगते. सविस्तर सांगितलं की ते म्हणतात, म्हणजे खोकी बघतेस. हो, खोकी बघते.

त्या दिवशीचा माल हायड्रोजन पेरॉक्साइड. घरात जखमेवर टाकल्यावर फेस येतो तेच, पण त्याहून कितीतरी पट कडक. हे रसायन बाटलीत गप्प बसत नाही. हळूहळू वायू सोडत राहतं. टोपी पूर्ण बंद केली तर बाटली फुगते आणि एक दिवस फुटते. म्हणून टोपीलाच बारीक भोक ठेवतात. त्याला व्हेंट म्हणतात. बाटली उभी असेल तर तिथून वायू जातो. आडवी पडली की तिथूनच माल झिरपायला लागतो. म्हणून अशा खोक्यांच्या समोरासमोरच्या दोन बाजूंवर बाणांची जोडी छापायची असते, 'ही बाजू वर' असं सांगणारी. आमच्या धंद्यात याहून सोपा नियम नाही.

आता तो मोडला कसा, ते सांगते.

माल सुर्वेसाहेबांच्या कंपनीचा. सुर्वेसाहेब म्हणजे करंजाड्यातल्या आमच्या सोसायटीचे चेअरमन. माणूस मेहनती, पण लिफ्टची दुरुस्ती असो नाहीतर कंपनी, त्यांना उद्घाटनाशिवाय काही करता येत नाही. त्या वर्षी त्यांनी कंपनीचं रीब्रँडिंग केलं आणि ते काम जावयाकडे, कौस्तुभकडे दिलं. कौस्तुभने नवा लोगो काढला. डावीकडून उजवीकडे झेपावणारा जाडजूड लाल बाण. प्रगतीचा. तो खोक्याच्या दर्शनी बाजूवर मोठा छापला. आणि एकाच खोक्यावर निरनिराळे बाण बरे दिसत नाहीत म्हणून नियमातली बाणांची जोडी काढून टाकली. नवं खोकं मला दाखवावं असं कोणाला सुचलं नाही.

खोकं सरळ ठेवलं की बाण उजवीकडे. म्हात्र्यांच्या माणसांनी मग बाण वर येईल अशी सगळी खोकी कुशीवर वळवली.

"अहो म्हात्रे, कंपनीचं नाव आडवं झालंय, ते दिसलं नाही?"

"दिसलं ना. पण ट्रेनिंगमध्ये तुमीच सांगितलंय, लिवलेलं वाचत बसू नका, बाण बघा. आमी बाण बघितला."

मी खाली वाकून खालच्या थराला टॉर्च लावला. पुठ्ठा ओला होता. म्हात्रे मदतीला पुढे झाले आणि मी नको म्हणेपर्यंत त्यांनी एक खोकं उचललंसुद्धा. ठेवलं तेव्हा त्यांची बोटं चुन्यात बुडवल्यासारखी पांढरी झाली होती.

"चुरचुरतंय," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं आलं म्हणजे चांगलंच झोंबत असणार. त्यांना नळाखाली उभं केलं आणि मी सांगेपर्यंत हात काढायचा नाही असं बजावलं.

मी खोक्यांपाशी परत आले तर वास बदललेला. करपलेल्या लाकडासारखा. पेरॉक्साइड लाकडात मुरलं की ते तापतं आणि कधीकधी पेटतं. खोक्यांखाली फळ्यांची लाकडी पॅलेट होती, शेजारी दुसऱ्या कोणाच्या तरी कापडाचे गठ्ठे. पॅलेटच्या कोपऱ्यातून धूर निघत होता. धूर म्हणावा इतका मोठा नाही, उदबत्तीएवढा.

फोर्कलिफ्टवाल्याला आधी गठ्ठे हलवायला लावले. म्हात्र्यांच्या दोघा माणसांना ग्लोव्ह्ज, गॉगल चढवले. होज ओढला आणि ती पॅलेट मिळेल तेवढ्या पाण्याने भिजवली. या रसायनावर पाणी हाच उपाय, भरपूर पाणी. धूर थांबला तरी आम्ही मारतच राहिलो. मग एकेक खोकं बाहेर उन्हात नेऊन उभं केलं.

एवढ्यात फोन गेल्यामुळे सुर्वेसाहेब पनवेलहून गाडी मारत आले. सोबत कौस्तुभ. बाहेर पोर्टला जाणारा ट्रेलर रिकामा कंटेनर घेऊन उभा होता.

"मॅडम, झालं ते झालं. खोकी सरळ करून भरू या. तुम्ही सही करा, जहाज चुकेल."

"भिजलेली खोकी जाणार नाहीत. कोरडी जातील, पण बाणांची जोडी छापल्यावर. आणि तुमचा लोगो झाकून."

"लोगो झाकून?" त्यांनी असं विचारलं, जणू मी त्यांना मिशी काढायला सांगितली होती. "तो कुठे नियमात बसत नाही?"

"या खोक्यावर वरची बाजू दाखवणारा सोडून दुसरा कसलाच बाण चालत नाही. तसं लिहिलेलंच आहे."

कौस्तुभ शांतपणे पुढे आला. "मॅम, तो बाण लिटरल नाहीये. तो ग्रोथ सजेस्ट करतो."

"पेरॉक्साइडला सजेशन कळत नाही."

"पण पब्लिकला तर कळतं ना?"

"पब्लिक ते बघा, नळाखाली उभं आहे."

म्हात्र्यांनी पांढरा हात वर करून दाखवला आणि पुन्हा पाण्यात घातला. कौस्तुभचा चेहरा उतरला. तो वाईट मुलगा नाही. तोच नंतर त्यांना गाडीत घालून डॉक्टरकडे घेऊन गेला.

सुर्वेसाहेब मात्र पॅलेटपाशी गेले होते. काळा पडलेला कोपरा त्यांनी बुटाने दाबला. लाकूड पाव कुस्करावा तसं चुरलं.

"हे बंद कंटेनरमध्ये झालं असतं तर?"

"तर आत पाणी मारायला कोणी नसतं. आणि कंटेनरखाली जहाज असतं."

त्यांनी ट्रेलरवाल्याला हाताने जा म्हणून सांगितलं. मग मला म्हणाले, "झाका." तेवढंच. महिनाभर त्यांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये माझ्याकडे बघितलं नाही, पण त्या दिवशी हुज्जत घातली नाही.

जहाज चुकलं. गळका माल भरपूर पाणी घालून नियमाप्रमाणे निकालात काढला. लोगो झाकत बसण्यापेक्षा कोरड्या बाटल्या बाणांची जोडी असलेल्या जुन्या खोक्यांत भरल्या, त्या पुढच्या जहाजाने गेल्या आणि धड पोचल्या. म्हात्र्यांच्या बोटांचा पांढरेपणा दुसऱ्या दिवशी गेला, कातडी आठवडाभर सोलत होती.

कंपनीचा लोगो बदलला. आता नुसतं निळं वर्तुळ आहे. कौस्तुभ म्हणतो ते परिपूर्णता सजेस्ट करतं. मला ते कुठल्याही बाजूने सारखंच दिसतं, म्हणून मी लगेच होकार दिला. धोकादायक मालाच्या खोक्यावर बाणाला एकच काम असतं. त्याला दुसरी नोकरी लावली की तो पहिली सोडतो.