काकांनी लावलेला त्रिकोण

आठवीत शाळा सोडून मी चंदगडहून कोल्हापुरात आलो आणि पूलच्या, म्हणजे काठीनं बॉल खिशात घालायच्या खेळाच्या, टेबलाला चिकटलो. पुढं जिल्ह्याच्या फायनलला समोर कितीतरी वर्षांचे चॅम्पियन होते, सगळे त्यांना काका म्हणायचे. डाव बरोबरीत होते. शेवटचा जिंकेल तो राज्य स्पर्धेला जाणार होता. ब्रेक, म्हणजे बॉल फोडायचा पहिला फटका, माझा होता. आमच्याकडं त्रिकोणात बॉल समोरचा खेळाडू लावून देतो. ते सैल राहिले की नीट फुटत नाहीत, आणि पंचाचं लक्ष नव्हतं.

काकांनी वाकून बघितलं आणि बॉल पुन्हा लावायला घेतले.

"थांबा की पावणं, एक बॉल सुटलाय."

"चालतंय की, काका."

"तुला चालतंय, मला न्हाय. सैल बॉलवर हरवलं तर ते जिंकणं हाय व्हय?"

डाव मी जिंकला. राज्य स्पर्धेला गेलो ते काकांच्या बोटांमुळं, असंच मी आजही मानतो.