मामाचं लेबल

आमच्या मामाइतका शिळ्याचा दुस्वास करणारा माणूस घोलवडपासून अच्छाडच्या नाक्यापर्यंत सापडायचा नाही. शिळी पोळी तो दह्याबरोबर आनंदाने खाई. राग होता तो शिळ्या माहितीवर. लहानपणापासून मी त्याच्याकडेच वाढले, म्हणून सांगते. चिकूच्या पॅकिंगच्या शेडमध्ये लेबलं छापायला त्याने स्वतः प्रोग्राम लिहिला होता. माहिती वेगळी, ती एक्सएमएल. ती कागदावर कशी दिसायची ते ठरवणारा साचा वेगळा, ती स्टाइलशीट. लोक माहितीची फाइल आधी करून ठेवतात आणि मग साच्याला देतात, हे ऐकूनच मामाचं डोकं फिरे. "फाइल केली म्हणजे शिळी झाली ने!" करंडी काट्यावर ठेवली की वजन तिथल्या तिथे उचलायचं, त्याचं एक्सएमएल करून थेट साच्यात ओतायचं. घरातही तेच. मामी म्हणाली, भात झालाय, की हा विचारी, "हे आत्ताचं सांगतेस की मघाचं?" साच्याला मात्र हात लावायचा नाही. एक ओळ बदला म्हणणाऱ्या व्यापाऱ्याशी त्याने महिनाभर अबोला धरला होता.

२०१६ साली तलासरीच्या एका मास्तरांचं स्थळ मला सांगून आलं. मुलगा मी पाहिला होता, मनापासून आवडला होता, त्यामुळे जीव टांगणीला लागला होता तो माझाच. मामा म्हणाला, "बायोडाटा मी छापतो." छाप बाबा! पण ह्याने मला चक्क चिकूच्या काट्यावर उभं केलं.

"मामा, मी काय करंडी आहे?"

"हलू नको पोरी, आकडा हलतो."

कागद निघाला. साचा चुकत नाही, म्हणून मामाने तो न वाचताच पाकिटात घातला आणि तलासरीच्या टेम्पोबरोबर धाडला.

साचा चुकला नव्हताच, मामा तो बदलायला विसरला होता. तिकडे पोचलं ते असं: कालीपत्ती चिकू. तोडणी: माझी जन्मतारीख. वजन: बावन्न किलो. नाजूक माल, जपून उतरवा. चार दिवसांत पिकेल. पाठवलेला माल परत घेतला जात नाही.

हे कळल्यावर मी मामाला नाही नाही ते बोलले. माझं लग्न मोडलंस, म्हणाले. तो बिचारा शेडमध्ये जाऊन बसला, दोन दिवस काट्याकडे फिरकलासुद्धा नाही. पाचव्या दिवशी मुलगा आईला घेऊन दारात हजर. "लेबलावर चार दिवस लिहिले होते, म्हणून थांबलो," म्हणाला. मामी पदरात तोंड लपवून हसत सुटली. लग्न ठरलं.

पाठवणीच्या वेळी सगळे रडत होते आणि मामाचा पत्ता नाही. मला असा राग आला! गाडी सुरू झाली तेव्हा हा शेडकडून धापा टाकत आला, माझ्या बॅगेवर लेबल चिकटवलं आणि मागे वळला. गाडी वाडीबाहेर पडल्यावर मी ते वाचलं. नाजूक माल, जपून उतरवा, सगळं तसंच. फक्त साच्यातली शेवटची ओळ त्याने बदलली होती: पाठवलेला माल केव्हाही परत घेतला जाईल.

परत जायची वेळ कधी आली नाही. तरी ते लेबल मी कपाटाच्या दाराला आतून लावलंय, आणि मामाची फार आठवण आली की कपाट उघडून उगाच उभी राहते.