मामांचं पथ्य आणि माझा धोंडा

सासऱ्यांच्या जिवावर उठण्याचा माझा अजिबात विचार नव्हता. लग्नाला जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं, आणि एवढ्या थोड्या ओळखीवर कुणी कुणाच्या जिवावर उठत नाही.

ही सत्तर सालानंतरच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा कराडच्या एका शाळेत भूगोल शिकवायचो. सासुरवाडी तासगावकडची. सासरे, म्हणजे आमचे मामा, लष्करातून सुभेदार होऊन परतलेले. दोन लढायांत त्यांना साधं खरचटलं नव्हतं. पण घरी आल्यावर सहा वर्षं मामींच्या (म्हणजे सासूबाईंच्या) हातचं तूप, तळण आणि मटण खाल्लं, आणि एका सकाळी उसाला पाणी पाजताना छातीत कळ येऊन बांधावरच बसले! सांगलीच्या डॉक्टरांनी वाचवलं. घरी सोडताना पथ्याचा कागद दिला. मीठ नावापुरतं, तूप बंद, तळण बंद, मटण बंद, तंबाखूकडे बघायचंही नाही, रोज सकाळी चालायचं, आणि छातीत दुखलं तर ही बारकी गोळी जिभेखाली धरून थेट सांगली गाठायची.

मामींना वाचता येत नव्हतं. त्यांनी तो कागद माझ्या बायकोकडून, कुसुमकडून, तोंडपाठ करून घेतला. मिठाची बरणी मामांच्या लष्करी ट्रंकेत गेली, पदकांच्या शेजारी, आणि किल्ली मामींच्या कमरेला. चार महिने मामांनी उकडलेला दुधी खाल्ला. वजन उतरलं, दम लागायचा थांबला, चेहऱ्यावर तेज आलं. फक्त जगण्याची इच्छा राहिली नाही.

अशात अधिक महिना आला. आमच्याकडे हा धोंड्याचा महिना. तीन वर्षांतून एकदा जावई नावाचा सामान्य इसम महिनाभर साक्षात नारायण होतो. त्याला बोलावून पुरण भरलेले धोंडे तुपात बुडवून खायला घालायचे. तो जे मागेल त्याला नाही म्हणायचं नाही. आणि नारायणानंही ताटात उष्टं टाकायचं नाही. मामांनी या रिवाजाचा शत्रूच्या मुलखासारखा बारकाईनं अभ्यास केला आणि मला पत्र धाडलं.

"जावईबापू, आठ दिवसांची रजा काढून या. जेवायला माझ्या डाव्या हाताला बसा. मी पायाचा अंगठा तुमच्या पायावर दाबला की धोंडा मागा. बाकीचं मी बघतो. पत्र फाडा."

पहिल्या दुपारी माझ्या ताटात चार धोंडे आणि तुपाचं तळं. मामांच्या ताटात दुधी आणि अर्धी भाकरी. अंगठा दाबला गेला.

"मामी, अजून एक धोंडा."

मामी कौतुकानं आत गेल्या. त्यांचा पदर उंबऱ्याआड व्हायच्या आत माझ्या ताटातला धोंडा नाहीसा झाला होता! मामांच्या मिशीचा केसही हलला नव्हता. बघणाऱ्याला वाटावं, भाकरीच चावतायत.

"मामा, डॉक्टरांनी..." मी कुजबुजलो.

"डॉक्टर सांगलीत हाय. तुमी जेवा."

"मामी बघतील हो."

"ती नारायनाकडं बघतीया. माझ्याकडं कोन बघतंय?"

तिसऱ्या दिवशी शेजारच्या बायका मला बघायला आल्या. (म्हैस विकत घेताना बघतात तशा.)

"अंगानं तर नुसती काडी हाय. जातंय कुठं एवढं?"

"मास्तर हाय ते," मामी म्हणाल्या. "डोकं चालिवलं की लय भूक लागती."

कुसुमनं मला गोठ्यापाशी गाठलं. "अहो, मी तुम्हाला कराडला उपाशी ठेवते असं बोलायला लागलीत माणसं. जरा कमी मागा की."

"मी मागतच नाही," मी खरं तेच सांगितलं. तिनं माझ्याकडे बघितलं, मग गेली.

चौथ्या दिवशी मामी पंखा घेऊन समोरच बसल्या. वाढायला कुसुम. आता चोरी शक्य नव्हती. पण मामांचा अंगठा थांबेना! मामी कधी ना कधी उठतील, तोवर मारा चालू ठेवायचा, असा त्यांचा बेत. त्या बेतात मी दारूगोळा होतो. अंगठा दाबला की मी मागायचो, कुसुम वाढायची, मामी पंखा हलवायच्या, आणि धोंडा मलाच गिळावा लागायचा. असे सात झाले. आठव्याला डोळ्यांपुढे काजवे दिसले. मामी काही उठल्या नाहीत.

जेवणानंतर आम्ही दोघं ओट्यावर टेकलो होतो. मामांनी अचानक छातीवर हात दाबला. चेहरा राखेसारखा झाला.

"बापू... गोळी."

मी गोळी त्यांच्या जिभेखाली ठेवली, मामींना हाक मारली, आणि त्या आल्या तेव्हा मला त्यांच्या कपाळावरचं कुंकू तेवढं दिसलं. मी सगळं ओकून टाकलं. पत्र, अंगठा, तीन दिवसांचे धोंडे. मामींनी पदर खोचला आणि शेजाऱ्याला म्हणाल्या, "ट्रॅक्टर काढा."

ट्रॉलीत गादी टाकून निघालो. मामांचं डोकं माझ्या हातावर, मामी पायाशी. हा माणूस माझ्या मागण्यामुळं मरतोय, एवढंच मनात. निम्म्या वाटेत मला दरदरून घाम फुटला, छातीत नगारे वाजू लागले, डावा हात जड झाला. (मामांचं डोकं त्याच हातावर होतं, हे नंतर ध्यानात आलं.)

मामांनी डोळा उघडला. "तुमालाबी दुखतंय व्हय?"

"हो."

"कुठं?"

"सगळीकडं."

"आगं, बापूला बी एक गोळी दे."

"त्या मान्साच्या गोळ्या हायत्या," मामी म्हणाल्या. "नारायनाच्या न्हाईत."

सांगलीत डॉक्टरांनी मामांच्या हृदयाचा आलेख काढला, जुन्याशी ताडून बघितला आणि विचारलं, "काय खाल्लं होतं?"

"दुधी," मामा म्हणाले, आणि खाटेखाली लोंबणाऱ्या पायानं त्यांनी माझा पाय दाबला.

चार दिवसांची सवय! माझ्या तोंडून निघून गेलं, "अजून एक धोंडा."

मग डॉक्टरांनी आम्हाला जे ऐकवलं ते लष्करातही ऐकलं नव्हतं, असं मामा पुढं सांगायचे. या खेपेला गॅस होता. पुढच्या खेपेला गॅसच असेल असं नाही. आणि मिठाच्या बाबतीत "नावापुरतं" म्हणजे चिमूटभर द्यायचं असतं, शून्य नाही, हे त्यांनी मामींनाही समजावलं. त्यामुळं मामांची चिमूट परत आली. माझं हृदय ठणठणीत निघालं, पण पोट बघून डॉक्टरांनी मला दुधी लिहून दिला! उरलेले चार दिवस मी तो मामांच्या पहाऱ्यात खाल्ला.

मामा सुधारले ते कायमचे. पुढं वीस वर्षं रोज दोन मैल चालले. मी मात्र तुपाची चटक घेऊन कराडला परतलो आणि चालणं काही जमवलं नाही.

परवा पन्नाशी उलटल्यावर तपासायला गेलो. तरुण डॉक्टरनं विचारलं, "काका, घराण्यात कुणाला हृदयविकार?"

"सासऱ्यांना होता."

"सासऱ्यांकडून येत नाही तो."

त्याला काय सांगणार! बाकीच्या जावयांना धोंड्यात चांदीचं ताट मिळतं. मला कोलेस्टेरॉल मिळालं, आणि तेही मी स्वतःच्या तोंडानं मागून घेतलेलं.