एकाग्रतेचं बक्षीस

परवा देवासच्या घरी लेकीने वाढदिवसाची मेणबत्ती फुंकली आणि विझलेल्या वातीच्या वासाने मला थेट पाचवीतल्या प्रेयर हॉलमध्ये नेऊन उभं केलं.

मिशनची शाळा होती आमची. मुख्याध्यापिका सिस्टरना मुलींची श्रद्धा वाढवायची भारी हौस. प्रार्थनेत जी डोळे उघडेल तिची श्रद्धा कच्ची, इतकं सोपं त्यांचं गणित.

त्या सकाळी मी चोरून पाहिलं. पुढच्या रांगेतली केजीची पोर चक्कर येऊन डुलत होती. मी डोळे पुन्हा घट्ट मिटले. शेजारच्या रोझलीनने मात्र धावत जाऊन तिला सावरलं.

"प्रेयर में आँखें क्यों खोलीं?" सिस्टर कडाडल्या.

"सिस्टर, छोटी गिर रही थी."

"गिरती तो प्रभु सँभालते!"

रोझलीनला दाराबाहेर उभं केलं. एकाग्रतेचं बक्षीस म्हणून देवदूताचं चित्र मला मिळालं.

त्या बाईंची आज मला किळस येते. स्वतःची त्याहून जास्त. कारण चित्र छातीशी धरून बाहेर पडताना मी रोझलीनजवळ थांबले होते आणि मोठ्या समजुतीने तिला म्हणाले होते, "अगली बार आँखें बंद रखना."