शांघायची परीक्षा शारजात

विमानाच्या शिडीवर पाऊल ठेवलं आणि चुलीवरच्या हंड्याचं झाकण काढावं तशी वाफ तोंडावर आली. सकाळचे साडेआठच वाजले होते. चष्मा धुरकटला म्हणून काढला, तर पुढचं दिसेना; परत घातला, तरी दिसेना. शारजाचं माझं पहिलं दर्शन हे असं. पुढचे पंचवीस दिवसही काही फार वेगळे गेले नाहीत. सगळं बघत होतो, पण कळत काहीच नव्हतं.

मी सांगलीच्या एका शाळेत इंग्रजी शिकवतो, चोवीस वर्षं झाली. त्या मे महिन्यात धाकट्या बहिणीने तिकीट पाठवलं ते नुसतं हिंडायला नव्हे. तिला शांघायला जाऊन एम.बी.ए. करायचं होतं आणि प्रवेशासाठी इंग्रजीची परीक्षा द्यायची होती. ‘दादा, ये आणि माझी तयारी करून घे,’ असं तिने लिहिलं होतं. मी ती ओळ तीनदा वाचली. शांघाय चीनमध्ये आहे एवढं मला ठाऊक होतं. चीनला जायचं तर चिनी यायला नको का? इंग्रजी कशाला? स्टाफरूममध्ये विचारलं, तर भूगोलाचे सर म्हणाले, “तुम्ही जाऊन या हो. तिकीट फुकट आहे ना?”

विमानतळावर मेहुणे आले होते. गिरीशराव उम्म अल कुवैनच्या पाइपच्या कारखान्यात इंजिनिअर आहेत, माणूस कमी बोलणारा. गाडीत बसताच म्हणाले, “दादा, बेल्ट लावा. नाहीतर मुखालफा (दंडाची पावती) होईल. वैशाली ऑफिसमधून डायरेक्ट घरी येते म्हणालीय.” रस्ता इतका गुळगुळीत की गाडी चालू आहे की उभी, हेही बाहेर बघितल्याशिवाय समजेना.

घर शारजाच्या रोला चौकाजवळ, सहाव्या मजल्यावर. खाली मल्याळी माणसाचं दुकान, तिथे कोल्हापुरी चटणीसुद्धा मिळत होती. भाची ऋचा आठ वर्षांची. मी मराठीत विचारावं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यावं, असं आमचं संभाषण चालायचं. संध्याकाळी बहिणीने ऑफिसमधून येऊन थालीपीठ केलं, सोबत खुबूस (तिथली मोठी जाड रोटी) आणि वर सुलेमानी (बिनदुधाचा चहा). “ऐक दादा, टेन्शन घेऊ नको,” ती म्हणाली, “तिथले क्लासेस इंग्लिशमध्येच असतात. बुक्स बाहेरची, अर्धे प्रोफेसर बाहेरचे. पण माझा पासपोर्ट इंडियन ना, मग हिला इंग्लिश येतं याचं प्रूफ त्यांना हवं. खलास!”

“पण तू दिवसभर इंग्रजीतच तर बोलतेस.”

“ते मला माहितीय. शांघायला कुठे माहितीय?”

शुक्रवारी सुट्टी असते. त्या दिवशी तिने आम्हाला खोर फक्कानला नेलं. आधी दोन्हीकडे लाल वाळू, मग एकाएकी डोंगर, आणि डोंगर म्हणजे अगदी सोललेले. एक झुडूप दिसेल तर शपथ. मसाफीजवळ रस्त्याच्या कडेला गालिचे आणि मातीची भांडी मांडून पठाण बसले होते. एकाने मला हिंदीत विचारलं, “बाबूजी, कहाँ से?” सांगली म्हटल्यावर तो अगदी ओळखीचं गाव असल्यासारखी मान डोलावत राहिला. डोंगर उतरताच निळा समुद्र आणि त्यात क्रेनांची रांग. बहीण एका शिपिंग एजन्सीत काम करते. तिने धक्क्यावर रचलेल्या कंटेनरांच्या भिंतीकडे बोट केलं.

“मी जॉइन झाले तेव्हा यातले थोडेसेच चायनाचे असायचे. आता बघ. यांच्याशी बोलणारं आमच्या ऑफिसमध्ये कुणी नाही. बॉसने कबूल केलंय, याच वर्षी गेलीस तर जागा ठेवतो. पुढच्या वर्षी ऋचा मोठी, खर्च मोठे, मग कधीच नाही. जूनच्या आत मार्क तिकडे पोचायला हवेत, दादा.”

किनाऱ्यावरच्या हॉटेलात जेवताना गिरीशराव भाजलेल्या मासळीचे काटे काढत होते. ते नुसतं म्हणाले, “जाऊ दे तिला. ऋचाचं मी बघतो.”

परीक्षा संगणकावर होती. सरावाची सी.डी. लावून मी बहिणीला शिकवायला बसलो आणि पहिल्याच दिवशी उताणा पडलो. कानाला हेडफोन. ग्रंथालयात एक मुलगी म्हणते की माझी छत्री हरवली. मुलगा म्हणतो, आज तर ऊन पडलंय. प्रश्न : मुलाला काय सुचवायचं आहे? चार पर्याय. मला चारही बरोबर वाटले. मी निवडलेला चूक निघाला. ऋचा मागून म्हणाली, “मामा, इट्स सो ईझी!” कर्तरी-कर्मणी प्रयोगात मुलांना सोलून काढणारा मी, एका छत्रीने घायाळ झालो. त्यानंतर बहीणच सोडवायची आणि मी बरोबर-चूक तपासायचो, तेही उत्तरं बघून.

माझ्या हातात एकच खरं काम आलं. नाव फोनवरून नोंदवायचं होतं. नोंदणीचं कार्यालय दुसऱ्याच देशात, आणि त्यांच्या वेळेत बहीण कामात असायची. गिरीशराव फी भरायला क्रेडिट कार्ड घेऊन शेजारी बसले आणि म्हणाले, “दादा, तुम्हीच बोला. तुमचं प्रोनन्सिएशन चांगलं आहे.” मी फुगलो. बहीण सकाळी सांगून गेली होती, “पासपोर्ट कपाटात आहे, लागला तर घे.” मी म्हटलं, सख्ख्या बहिणीचं नाव सांगायला पासपोर्ट कशाला? हाताच्या काकणाला आरसा कशाला? पलीकडची बाई म्हणाली, पासपोर्टवर आहे तसंच नाव सांगा. मी ते नीट ऐकलं आणि एकेक अक्षर खणखणीत उच्चारून वैशाली हे नाव सांगितलं, पुढे गिरीशरावांचं नाव, मग आडनाव. तारीख मिळाली तिसऱ्या आठवड्यातल्या सोमवारची. मुदतीत मार्क पोचतील अशी ती शेवटचीच तारीख होती.

परीक्षेचं केंद्र दुबईत एका व्यापारी इमारतीच्या चौथ्या मजल्यावर होतं. सकाळी नऊला आम्ही दोघं भाऊबहीण हजर. टेबलामागे फिलिपिनो पर्यवेक्षिका होती, नम्र आणि हसतमुख. तिने यादी पाहिली, पासपोर्ट पाहिला, परत यादी पाहिली.

“सॉरी मॅम. पासपोर्टवर सुनंदा आहे. सुनंदा नावाचं कुणी यादीत नाही.”

माझी पाचावर धारण बसली. आता हे मराठी वाचकांना समजवायला नको. आमच्या घरची ती सुनंदा. नऊ वर्षांपूर्वी लग्नात गिरीशरावांनी ताटातल्या तांदळात अंगठीने वैशाली लिहिलं, टाळ्या पडल्या, आणि आईने मला बाजूला घेऊन बजावलं, “आता तिच्या सासरच्यांसमोर सुनंदा म्हणायचं नाही हं, बरं दिसत नाही.” तेव्हापासून मी पत्रावरसुद्धा चि. सौ. वैशाली असंच लिहीत आलो. त्या दिवशी फोनवर तर तिचा नवरा शेजारीच बसला होता. मी रीत पाळली होती! पासपोर्ट मात्र लग्नाआधी काढलेला, व्हिसा त्यावरच आलेला, आणि तो कुणी बदलला नव्हता.

“दादा,” बहीण म्हणाली, “तू फोनवर काय सांगितलंस?” मी सांगितलं. तिचा चेहरा मला बघवेना. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

पर्यवेक्षिका म्हणाली, दुपारी दीडच्या सत्रात एक संगणक रिकामा आहे. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असा कागद आणा, मी मुख्य कार्यालयाला विचारून बघते. बहिणीने गिरीशरावांना फोन केला आणि ते कारखान्यातून निघून घरून कागदांची फाइल घेऊन धावत आले. आम्ही बाकावर कागद पसरले. लग्नाचा दाखला : सुनंदा. लेबर कार्ड : सुनंदा. बँक : सुनंदा. वैशाली होती ती ऋचाच्या शाळेच्या डायरीत, ऑफिसच्या व्हिजिटिंग कार्डावर आणि गिरीशरावांच्या तोंडात. सरकारी शिक्क्याखाली वैशाली नावाची बाई जगात कुठेच नव्हती. मी तिची परीक्षेला नोंदणी करून बसलो होतो.

शेजारच्या खुर्चीवर एक चिनी तरुणी आमची धावपळ बघत होती. ती दुबईतल्या एका घाऊक दुकानात हिशेब बघायची आणि तिलाही शांघायच्याच एका कॉलेजात जायचं होतं. माझं डोकं पुन्हा गरगरलं. चिनी मुलगी, चीनमध्ये शिकायला जाणार, म्हणून दुबईत इंग्रजीची परीक्षा देणार! मी विचारलं, का? ती म्हणाली, “टीचर इंग्लिश, बुक इंग्लिश, फ्रेंड चायनीज.” आणि हसली. तिने सांगितलं की तिचं नाव लिली, पण पासपोर्टवर दुसरं आहे.

“म्हणजे तुझीही दोन नावं!” बहीण म्हणाली.

“हो. लिली मी स्वतः निवडलं. दुकानात सोपं जातं. तुझं दुसरं कुणी ठेवलं?”

“नवऱ्याने.”

“तुला विचारून?”

गिरीशराव फाइलची नाडी बांधत होते, ती त्यांनी सोडली आणि परत बांधली. थोड्या वेळाने ते मराठीत म्हणाले, “मला ते नाव आवडायचं हो. बाकी काही नाही.” त्यांच्यावर रागवावं असं काही नव्हतं. विचारायचं असतं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, आणि मलाही नव्हतं.

एक वाजता पर्यवेक्षिकेने मला हाक मारली. मुख्य कार्यालयाचा माणूस फोनवर होता. नोंदणी ज्याने केली त्याच्याशीच बोलायचं म्हणत होता. मी रिसीव्हर घेतला. मी सांगितलं की चूक माझी आहे. जन्मतारीख, पत्ता, फोन सगळं जुळतं, बाई एकच आहे. आमच्याकडे लग्नात बाईचं नाव बदलतात.

“आडनाव ना? ते आमच्याकडेही बदलतात,” तो म्हणाला.

“आडनाव तर बदलतातच. पहिलं नावही.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

“आईवडिलांनी ठेवलेलं नाव?”

“हो.”

“का?”

त्याच्या आवाजात कुचेष्टा नव्हती. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं. मी तोंड उघडलं. चोवीस वर्षांचं इंग्रजी गाठीशी होतं, शब्दांची वाण नव्हती. पण सांगायला कारणच सापडेना. मनात मराठीत शोधलं, तिथेही नव्हतं. छत्रीच्या प्रश्नाला निदान चार पर्याय तरी होते. शेवटी मी म्हणालो, “आय डोन्ट नो, सर.”

तो म्हणाला, “ठीक आहे. मी दुरुस्त करतो. पण निकालावर एकच नाव छापलं जाईल आणि नंतर बदलता येणार नाही. ते नाव मी त्या बाईंकडूनच ऐकतो.”

मी बहिणीकडे बघून सांगायला लागलो, “हे बघ, पासपोर्टवर जसं...”

“दादा, तू आता गप्प बस,” ती म्हणाली आणि तिने रिसीव्हर माझ्या हातातून काढून घेतला. “सुनंदा,” ती म्हणाली. मग एकेक अक्षर सावकाश सांगितलं. घाई तर होतीच, पण तिने घाई केली नाही.

ती आत गेली. आम्ही दोघं मेहुणे-मेहुणे खालच्या कॅफेटेरियात जाऊन बसलो. एक दिरहमचा चहा, म्हणजे आपले बारा-तेरा रुपये, हे मी त्या दिवशी पहिल्यांदाच मोजलं नाही असं म्हणणार होतो, पण मोजलंच. सवय जात नाही. पाच वाजून गेल्यावर लिली आणि ती दोघी बोलत बाहेर आल्या. “कशी गेली?” गिरीशरावांनी विचारलं. “आधी शावरमा द्या,” ती म्हणाली, “सकाळपासून पोटात काही नाही.” आणि उभ्या उभ्या तिने दोन खाल्ले.

परतताना विमानतळावर ऋचाने मला मिठी मारली आणि कानात विचारलं, “मामा, मम्मी इज वैशाली ऑर सुनंदा?” मी म्हटलं, “तिलाच विचार बाई.” चेक-इनच्या रांगेतून मागे वळून बघितलं तेव्हा तिघं हात हलवत होती. पंचवीस दिवसांत वाळवंट, डोंगर, समुद्र सगळं पाहिलं. पण घरी येऊन लोकांना सांगायला बसलो की माझी गाडी त्या टेलिफोनशी येऊन अडायची. शाळेत सगळे उंटाचं विचारत होते. उंट मी दोनच पाहिले, तेही ट्रकमध्ये.

जुलैत एका रविवारी सकाळी शारजाहून फोन आला. “दादा, अ‍ॅडमिशन झाली! मार्क वेळेत पोचले. ऑगस्टच्या शेवटी निघते.” मागून गिरीशरावांचा आवाज आला, “दादांना सांग, तिकीट सुनंदा नावानेच काढलंय, दोनदा चेक केलं.” आम्ही दोघं हसलो आणि मग मला रडू आलं. उगाच नव्हे, माझ्या हातून बुडायचं ते तरलं होतं.

फोन ठेवला आणि ही बातमी आधी बायकोला सांगावी म्हणून उठलो. ती स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. घरात सगळे तिला अनघा म्हणतात. ते नाव मी ठेवलं, सव्वीस वर्षांपूर्वी, आणि तिला न विचारता. त्या सकाळी मला काय वाटलं कोण जाणे, मी तिच्या माहेरच्या नावाने हाक मारली.

“सिंधू!”

ती मेथी निवडत राहिली. मी पुन्हा, जरा मोठ्याने हाक मारली. तेव्हा तिने मान वर केली आणि माझ्या खांद्यावरून बाहेरच्या दाराकडे बघत विचारलं, “कोण आलंय हो?”