खापरपाड्याची माणसं मोजताना

आईशपथ, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. आता एखादं वाक्य मी पदरचं घातलं असेल, पण तेवढं चालतं. ज्या गावाला रस्ता नसतो तिथं किस्से फार साठतात. बाहेर पडायला त्यांनाही वाट नसते. आमच्या खापरपाड्याच्या आणि शिरपूरच्या मध्ये अनेर नदी, आणि नदीपर्यंत नुसती गाडीची चाकोरी.

लढाई चालू होती, त्या साली शिरगणती आली. मोजायला शाळेचे मास्तर, गेरूचा डबा धरायला मी. कचेरीचा निरोप होता, माणसं पुरेशी भरली तर सडक होईल आणि नदीवर फरशीचा पूल. गावात मात्र बातमी वेगळीच पसरली होती. जो मोजला, तो लढाईवर गेला.

*

आम्ही घरांवर गेरूनं नंबर टाकत निघालो. प्लेगात अशाच खुणा केलेली घरं रिकामी झालेली सखूअक्कानं पाहिली होती. आमची पाठ वळताच तिनं नंबरावर शेण सारवलं. मास्तरांनी पुन्हा टाकला, तिनं पुन्हा सारवलं.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर भिंत कोरी, आणि अक्काशी अबोला धरलेल्या शेजारणीच्या दारावर दोन नंबर!

*

मग माणसं मोजायला गेलो. गावात पुरुष औषधालाही नाही. बायका दारात उभ्या, नवऱ्याचं नाव कुणी घेईना. मालक कुठं आहेत म्हणून विचारलं, की सगळ्यांचं उत्तर एकच.

"बठ्ठा सुरतले गयात."

मागं तुरीच्या वावरात कुणीतरी खोकत होतं. मास्तरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "बाई, सुरतेला जायला वाट सापडली कुठून? मलाही दाखवा. बदली मागून थकलो."

*

एकच माणूस घरोघर फिरून मोजून घ्या म्हणून सगळ्यांना विनवत होता, पोलीसपाटील नाना. मागच्या पावसाळ्यात त्यांच्या सुनेला, चंद्राला, कळा सुरू झाल्या. तिला दवाखान्यात न्यायला काढलेली बैलगाडी दिवसभर नदीकाठी उभी राहिली. पाणी उतरलं नाही. मूल तिथंच झालं, आणि ते रडलं नाही. आता चंद्राला पुन्हा दिवस गेले होते, आणि ते भरणार होते ऐन पुरात.

"सडक होई रे भाऊ, लारी यी," नाना वावराच्या बांधावरून ओरडले.

तुरीतून आवाज आला, "त्याच लारीमा आपलेच भरीसन लई जातीन!"

नाना बांधावरच बसले. किती तरी वेळानं एक जण बाहेर आला, मग दुसरा. अंगावरची पानं झाडत सगळे आले. भीती कुणाचीच गेली नव्हती. नाना बसलेले त्यांना बघवेनात, एवढंच.

*

पडताळणीला साहेब आला तो नदीतून, पाटलोण गुडघ्यावर, बूट हातात. गाव चावडीपुढं रांगेत उभं होतं. नानांनी मुद्दाम चंद्राला पहिली उभी केली. साहेबाला तिचं पोट दिसावं म्हणून.

साहेबानं बोट तिच्यावर रोखलं आणि म्हणाला, "एक."

खळ्यात धान्य मोजतानासुद्धा आमच्याकडं पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. लाभ म्हणतात, मग दोन, मग तीन. एक म्हटलं की रास तिथंच थांबते, असं मानतात. चंद्रानं दोन्ही हात पोटावर धरले.

नाना पुढं झाले. साहेबाचं ते बोट त्यांनी चक्क मुठीत धरलं.

"साहेब, तिले एक नका म्हनू. लाभ म्हना."

शिपाई धावला. साहेबानं त्याला थांबवलं. चंद्राकडं पाहिलं, नदीकडं पाहिलं, आणि हळूच म्हणाला, "लाभ."

साहेबाचं हे शेवटचं 'लाभ' तेवढं माझ्या पदरचं.